शिक्षक होण्याची वाट: निवड, नेमणूक आणि पहिली तीन वर्षे

एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी उत्तीर्ण झाली, गुण चांगले आहेत आणि तिला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचे आहे. घरच्यांना मात्र काही गोष्टींचा उलगडा होत नाही. आपल्याकडे सरकारी शाळेचा शिक्षक नेमका निवडतो कोण, त्याला तयार कोण करते, नोकरी लागल्यावर त्याचे शिकणे चालू राहते का, आणि इतक्या परीक्षांच्या चाळणीतून आलेल्या शिक्षकाच्या वर्गातही मुले मागे का राहतात, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः दोनशिक्षकी शाळेत सहशिक्षक म्हणून सुरुवात केली, पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या आठ-दहा शाळांच्या समूहाला (आमच्या भाषेत 'केंद्राला') मार्गदर्शन करणारा, झालो आणि नोकरीची शेवटची वर्षे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या डाएटमध्ये, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम केले. त्यामुळे या वाटेचा बहुतेक भाग मी चालून पाहिलेला आहे.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. गेल्या १५ वर्षांत आपल्या व्यवस्थेने उमेदवार निवडण्यासाठी पुष्कळ कष्ट घेतले आणि त्यांची गरज होतीच. परंतु निवडलेल्या माणसाची पहिली तीन वर्षे, ज्यांत त्याच्या शिकवण्याला कायमचे वळण लागते, ती या व्यवस्थेने जवळजवळ मोकळी सोडली आहेत. मुले मागे का राहतात या प्रश्नाचे एकमेव उत्तर कोणाकडेच नाही. पण शिक्षकापुरते बोलायचे तर माझा अनुभव याच तीन वर्षांकडे बोट दाखवतो.

आधी कोणाचे काम काय, ते पाहू. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत आला. शिक्षकाची किमान पात्रता केंद्र ठरवते; पदे मंजूर करणे, ती भरणे, पगार देणे आणि बदल्या करणे हे राज्याकडे असते. पात्रता ठरवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. तिला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला परिषदेने काढलेल्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक केली. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदा चालवतात, तर शहरांत महानगरपालिका आणि नगरपालिका. खासगी अनुदानित शाळांत नेमणूक संस्था करते आणि पगार शासन देते. प्रशिक्षणाचा आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आखते. तो डाएट, तालुक्याचे गटसाधन केंद्र आणि समूह साधन केंद्र अशा पायऱ्या उतरत शाळेपर्यंत पोहोचतो. कागदावर ही साखळी उत्तम आहे, आणि प्रत्येक कडीत मन लावून काम करणारी माणसे मला भेटली आहेत.

आता शिक्षक तयार होण्याची पहिली पायरी. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीनंतर दोन वर्षांची पदविका लागते. तिला आता डी.एल.एड. म्हणतात, जुनी माणसे अजून डी.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवीसोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते, नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. लागते. मध्यंतरी, जून २०१८ मध्ये, बी.एड. झालेल्यांनाही प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवण्यात आले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, कारण लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी आखलेलाच नाही. या निकालाने अनेक उमेदवारांचे नुकसान झाले आणि त्यांचे दुःख मी जवळून पाहिले. तरीही निकालामागचा विचार मला पटतो. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि आवाज यांचे नाते कसे उमगते, हे माहीत नसलेला पदवीधर पहिलीच्या वर्गात उभा राहिला की पहिले काही महिने तो फळ्यावर मुळाक्षरे लिहितो, मुले ती वहीत उतरवतात, आणि वाचन सुरू झाले असा सर्वांचाच समज होतो.

डी.एड. विद्यालयांची कथा महाराष्ट्राने विसरू नये अशी आहे. नोकरीची हमखास वाट म्हणून एके काळी या पदविकेला प्रचंड मागणी होती आणि तिच्या मागे खासगी विद्यालये भराभर उभी राहिली. त्यातूनच राज्यातील २९१ विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. तपासलेल्या विद्यालयांपैकी थोडीच या कामाला योग्य ठरली. देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी क्षेत्रात आहेत, याकडेही आयोगाने लक्ष वेधले. मी एका विद्यालयाच्या भेटीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट आहे. सर्व छात्राध्यापकांच्या सराव पाठांच्या वह्या पूर्ण होत्या, पाठ टाचणे सुबक अक्षरात होती, निरीक्षकांचे शेरेही होते. तेथून जवळच्या सराव शाळेत गेलो, तर मुख्याध्यापकांना त्या वर्षी छात्राध्यापक आल्याचे आठवत नव्हते. त्या वह्या कशा लिहिल्या गेल्या, हे विचारण्याची गरज उरली नाही. मला त्या मुलामुलींचे वाईट वाटले. त्यांनी शुल्क भरले होते, दोन वर्षे दिली होती, आणि त्यांच्यापैकी काही जण पुढे खरोखरीच्या वर्गात पहिल्यांदा उभे राहिले ते थेट नोकरीच्या पहिल्या दिवशी.

वर्मा आयोगानंतर सुधारणा झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात एकूण २० आठवडे शाळेतील अनुभवासाठी राखले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यापुढे जाऊन २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असे म्हटले. या एकात्मिक अभ्यासक्रमाची सुरुवात २०२३-२४ मध्ये देशातील ५७ संस्थांत झाली. चार वर्षांमुळे शिकणाऱ्याला विषय आणि अध्यापन हातात हात घालून शिकता येतील, ही अपेक्षा रास्त आहे. वर्षे वाढवली म्हणून शाळेत घालवलेले दिवस आपोआप वाढत नाहीत, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

दुसरी पायरी परीक्षांची. टीईटीचा पहिला पेपर १५० प्रश्नांचा आणि १५० मिनिटांचा असतो. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या प्रत्येकाला ३० गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के लागतात, मागास प्रवर्गांना त्यात सवलत आहे. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून राज्य परीक्षा परिषद घेते. टीईटीने फक्त पात्रता मिळते, नोकरी मिळत नाही. नोकरीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. ती २०० गुणांची असते, पैकी १२० अभियोग्यतेला आणि ८० बुद्धिमत्तेला, आणि वेळ असतो दोन तास. एका प्रश्नाच्या वाट्याला ३६ सेकंद येतात. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. दरवर्षी होत नाही, ही उमेदवारांची मोठी अडचण आहे. चाचणीतील गुणांवर पवित्र या संगणकीय प्रणालीतून प्राधान्यक्रम भरून घेतले जातात आणि आरक्षण, माध्यम व विषय लक्षात घेऊन जिल्हा परिषदेला किंवा महापालिकेला उमेदवाराची शिफारस होते. खासगी संस्थांनाही उमेदवार याच गुणवत्ता यादीतून मिळतात. त्यांना मुलाखतीचा पर्याय ठेवलेला आहे.

पवित्रवर टीका करणारे पुष्कळ आहेत, विशेषतः वेळापत्रकाबद्दल. ती टीका मला मान्य आहे, पण ही प्रणाली येण्यापूर्वीचे दिवस मी पाहिले आहेत. हुशार मुलगी संस्थेच्या कार्यालयातून रिकाम्या हाताने परत येत असे आणि तिचे वडील शेताचा तुकडा विकावा का, असे आम्हाला विचारायला येत. त्या वडिलांना आज मी सांगू शकतो की जिल्हा परिषदेच्या जागेसाठी कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. ही मिळकत लहान नाही. तिला डाग लागलेच नाहीत असेही नाही. २०१९-२० च्या टीईटीत सात हजारांहून अधिक उमेदवारांना गैरप्रकाराने पात्र ठरवल्याचे तपासात उघड झाले, आणि ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता त्यांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने पाहू लागले. भरती बंद असण्याचा काळ तर त्याहून जीवघेणा ठरला. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, अनेक शाळांत पटावरची मुले प्रत्यक्षात नसल्याचे दिसले, आणि मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबवण्यात आली. ती बंदी वर्षानुवर्षे लांबली. डी.एड. होऊन बसलेली एक पिढी त्या काळात वयाने मोठी झाली, शेतीत, दुकानात, मिळेल त्या कामात गेली, आणि नोकरी नाही म्हणून विद्यालयांतील जागा रिकाम्या राहून ती बंद पडू लागली. २०२४ च्या सुरुवातीला २१ हजारांहून अधिक पदांची जाहिरात आली तेव्हा अर्ज करणाऱ्यांत चाळिशीला टेकलेले कितीतरी जण होते. भरती ही नियमित, दरवर्षी होणारी गोष्ट असावी लागते. ती दहा वर्षांनी एकदा येणाऱ्या पुरासारखी झाली की शाळाही कोरड्या राहतात आणि उमेदवारही वाहून जातात.

पण या सर्व परीक्षांबद्दलचा माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पदविकेची परीक्षा, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी मिळून व्यवस्था उमेदवाराला तीनदा तपासते. जिल्हा परिषदेच्या वाटेने येणाऱ्या उमेदवाराला मुलांसमोर उभे राहिलेले मात्र ती एकदाही पाहत नाही. केंद्रीय विद्यालयांच्या अलीकडच्या भरतीत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक पाठ आणि मुलाखत होती. २०२० च्या धोरणानेही निवडीत प्रात्यक्षिक पाठाचा किंवा मुलाखतीचा समावेश सुचवला आहे. एवढ्या मोठ्या संख्येत प्रत्येकाचा पाठ पाहायचा तर पुन्हा वशिल्याला दार उघडेल, ही भीती खरी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. म्हणूनच मला वाटते की पाठ पाहण्याचे काम निवडीच्या दिवशी न करता त्यानंतरच्या काळात करावे, आणि त्यासाठी लागणारा काळ आपल्या नियमांत आधीपासूनच आहे.

तो काळ म्हणजे शिक्षण सेवकाची तीन वर्षे. २००० साली ही योजना आली. नवा शिक्षक तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि सेवा समाधानकारक असेल तर त्यानंतर त्याला नियमित वेतनश्रेणी मिळते. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचे मानधन दीर्घ काळ महिना ६,००० रुपये होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते १६,००० झाले. नियमित झाल्यावर मूळ वेतन २९,२०० पासून सुरू होते आणि त्यावर भत्ते असतात. ही योजना खर्च वाचवण्याच्या गरजेतून आली, हे उघड आहे. पण तिच्यात एक मोठी शक्यता दडलेली होती. डॉक्टर, वकील, अगदी गवंडीसुद्धा सुरुवातीची वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढतो. शिक्षण सेवकाला मात्र पहिल्याच दिवशी स्वतंत्र वर्ग मिळतो, अनेकदा दोन किंवा तीन इयत्ता एकत्र मिळतात, आणि काही ठिकाणी अख्खी शाळाच त्याच्या हाती येते. केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या शाळानिहाय माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शाळेत नव्या शिक्षकाने कोणाला विचारायचे?

एक प्रसंग सांगतो. मी केंद्रप्रमुख असताना डोंगराच्या कुशीतल्या एका वस्तीशाळेत गेलो. शिक्षण सेविका रुजू होऊन सात महिने झाले होते. मुलगी कष्टाळू होती, भिंती तक्त्यांनी भरलेल्या होत्या, मुले स्वच्छ आणि आनंदी होती. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. फळ्यावर उदाहरण होते बेचाळीस वजा सतरा. पाटीवर पाच जणांनी उत्तर लिहिले होते पस्तीस. तिने पाचही पाट्यांवर फुली मारली, फळ्यावर पुन्हा तीच रीत करून दाखवली, "दशकाकडून एक उसना घ्यायचा" हे वाक्य तीनदा म्हणून घेतले आणि पुढचे उदाहरण दिले. पुन्हा तेच पाच जण चुकले.

मधल्या सुटीत मी तिला म्हणालो, "ताई, यातल्या एकाला विचारू या का, त्याने कसे केले?" आम्ही एका मुलाला जवळ बसवले. तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत ना गुरुजी, म्हणून सातातून दोन काढले." चारातून एक काढला, तीन राहिले. पस्तीस. त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळला होता, मोठ्यातून लहान काढायचे हा त्याला पहिलीपासून ठाऊक असलेला नियम. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला अजून आठवते. सात महिने ती ज्याला निष्काळजीपणा समजत होती तो विचार होता. मग आम्ही शाळेमागून काड्या गोळा केल्या, दहा-दहाचे चार गठ्ठे सुतळीने बांधले, दोन सुट्या ठेवल्या आणि त्या मुलाला सतरा काड्या द्यायला सांगितल्या. त्याने एक गठ्ठा उचलून दिला, दोन सुट्या दिल्या, आणि थांबला. बराच वेळ थांबला. तिचा हात मदतीला पुढे गेला, तो मी डोळ्यांनीच अडवला. मुलाने आपणहून एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. हातात राहिलेले मोजले आणि आपल्या पाटीकडे पाहून म्हणाला, "पंचवीसच आहेत."

त्या पाऊण तासात ती शिक्षिका जे शिकली ते दहा दिवसांच्या कोणत्याही वर्गात मी तिला शिकवू शकलो नसतो. मुलाची चूक खोडण्याआधी ती वाचायची असते. मुलाला थांबू द्यायचे असते. आणि साहित्य भिंतीवर लावण्यापेक्षा मुलाच्या हातात असावे लागते. या तिन्ही गोष्टी तिने पदविकेत लिहिल्या होत्या आणि टीईटीत त्यावरच्या प्रश्नांची उत्तरेही बरोबर दिली होती. पण त्या तिच्या हातात आल्या त्या तिच्याच वर्गात, तिच्याच मुलाच्या चुकीवर, कोणीतरी शेजारी बसल्यामुळे. दुःखाची गोष्ट अशी की त्या वर्षात मी तिच्या वर्गात असा निवांत बसू शकलो ते दोनदाच. उरलेल्या भेटी पोषण आहाराचा साठा, पटाची माहिती आणि बांधकामाचे फोटो यांत संपल्या. तीन वर्षांनी तिच्या सेवेचा अहवाल समाधानकारक म्हणून पुढे गेला आणि तो योग्यच होता, पण त्या अहवालात वजाबाकीच्या त्या तासासाठी रकाना नव्हता.

नेमणुकीच्या जागेचाही यात वाटा आहे. मेळघाटातील मुले घरी कोरकू बोलतात, नंदुरबारमध्ये भिलोरी किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. तेथे रुजू होणारा शिक्षक अनेकदा राज्याच्या दुसऱ्या टोकाचा असतो. पहिलीच्या मुलाला त्याचे बोलणे कळत नाही आणि त्याला मुलाचे. जे शिक्षक स्थानिक भाषेची वही करतात, गावातल्या बाईकडून शब्द शिकतात, त्यांच्या वर्गात वर्ष-दीड वर्षात फरक दिसतो. पण २०१७ पासून बदल्या संगणकीय झाल्या आणि नियमानुसार अवघड, म्हणजे दुर्गम ठरवलेल्या, क्षेत्रात तीन वर्षे पूर्ण करणाऱ्याला बदलीचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या कुटुंबाचा विचार करता हा नियम न्याय्य आहे आणि त्याने बदल्यांतील लाचलुचपत आटोक्यात आली. मुलांच्या बाजूने मात्र असे घडते की भाषा जिभेवर बसते त्याच वर्षी शिक्षक निघून जातो. राहू इच्छिणाऱ्याला वाढीव भत्ता, शाळेजवळ राहण्यायोग्य घर आणि मुलांच्या शिक्षणाची सोय दिली, तर पुष्कळ जण राहतील. काही जण आजही काही न मिळता राहिले आहेत.

नोकरीतील प्रशिक्षणाबद्दल आता. ते अजिबात कमी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारचा निष्ठा हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, दीक्षा या ऑनलाइन व्यासपीठावर अभ्यासक्रम आहेत, २०२१ पासून निपुण भारतच्या निमित्ताने पायाभूत वाचन आणि गणिताची प्रशिक्षणे झाली. १२ वर्षांनंतर वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. राष्ट्रीय धोरण तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास असावा असे सांगते. अडचण तासांची नाही. राज्य पातळीवर एखादा विषय पाच दिवस उत्तम शिकवला जातो. तेथून आलेले तज्ज्ञ जिल्ह्यात तो तीन दिवसांत सांगतात, तालुक्यात तो दोन दिवसांचा होतो आणि केंद्रात एका दुपारी संपतो. प्रत्येक पायरीवर कृती गळते आणि व्याख्यान उरते. मी स्वतः या साखळीत सुलभक होतो, त्यामुळे हा दोष माझ्याही वाट्याचा आहे. सभागृहात शंभर शिक्षक, समोर पडद्यावर मजकूर, मध्येच हजेरीच्या सह्या, शेवटी अभिप्रायाची लिंक. अशा दिवशी "मुलांच्या विचारप्रक्रियेला वाव द्या" असे मी कितीदा तरी म्हटले आहे, समोरच्या शंभर जणांच्या विचाराला जराही वाव न देता.

याउलट जेथे शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहिले तेथे काम पसरले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे तेथल्या शाळांच्या गटातील, शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतःच्या कृतीतून आणि अनुभवातून शिकते या विचाराने, काम उभे राहिले आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात आमच्या जिल्ह्यातूनही एसटीने शिक्षक गेले होते. परत आल्यावर काहींनी फक्त फरशीवरची रंगीत आखणी उचलली, हे खरे आहे. पण ज्यांनी तेथे मुलांशी बोलण्याची रीत पाहिली होती, त्यांचे वर्ग खरोखर बदलले. आमच्याकडे यासाठी जागाही तयार आहे. केंद्रातल्या आठ-दहा शाळांच्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. परिपत्रके वाचण्याऐवजी त्या दिवशी एका शिक्षकाने प्रत्यक्ष मुलांसह पाठ घ्यावा, बाकीच्यांनी केवळ मुलांकडे पाहावे आणि नंतर तासभर त्याच पाठावर बोलावे, एवढा बदल मी माझ्या केंद्रात दोन वर्षे करून पाहिला. पहिल्या तीन महिन्यांत कोणी पाठ घ्यायला तयार नव्हते, म्हणून मी स्वतः घेतला आणि तो फसला. तो फसल्यावर माणसे मोकळी झाली. पुढच्या परिषदेला दोघांनी हात वर केले.

यासाठी केंद्रप्रमुख मोकळा हवा. १९९४ मध्ये हे पद निर्माण झाले ते शाळांना शैक्षणिक मार्गदर्शन करण्यासाठी. आज अनेक तालुक्यांत ही पदे रिकामी आहेत, आणि जेथे भरलेली आहेत तेथे तो माहिती गोळा करणारा माणूस झाला आहे. शिक्षकाचेही तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचे काम वर्षभर चालू राहते आणि ऑनलाइन माहितीचे काम कोणत्याच कलमात बसत नाही. त्याच कायद्याने आठवड्याचे ४५ तास धरताना पाठाच्या तयारीचे तास त्यात मोजले आहेत. हे तास ज्या दिवशी शिक्षकाला खरोखर मिळतील त्या दिवशी निम्म्या प्रशिक्षणांची गरज उरणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सध्याचा सर्वांत ताजा विषय टीईटीचाच आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला की सेवेचा पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या, पूर्वी नेमलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नतीसाठी परीक्षा द्यावीच लागेल. वीस-पंचवीस वर्षे चांगले शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवण्यात त्याचा अपमान आहे, असे अनेक सहकारी मला फोनवर सांगतात, आणि त्यांची घालमेल मला कळते. माझा त्यांना सल्ला असा आहे की पेपरातील बालमानसशास्त्राचा आणि गणिताचा भाग शिकवणी वर्गाच्या प्रश्नसंचातून पाठ करण्यापेक्षा शिक्षण परिषदेत, आपल्या मुलांच्या पाट्या समोर ठेवून, एकत्र अभ्यासावा. परीक्षा तर निघेलच, आणि अभ्यास वर्गातही उपयोगी पडेल.

आता तुमच्या मुलीबद्दल. तिने या वाटेने जरूर यावे. भरतीची अनिश्चितता आहे, म्हणून डी.एल.एड. करतानाच बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठातून पदवीची तयारी ठेवावी का, हे त्या-त्या विद्यापीठाचे आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियम पाहून ठरवा. पदविकेनंतर पदवी घेतली तर सहावी ते आठवीचे दारही उघडते. अध्यापक विद्यालय निवडताना निकालाची टक्केवारी पाहू नका. तेथे जाऊन तीन गोष्टी विचारा: छात्राध्यापक वर्षात किती दिवस प्रत्यक्ष शाळेत असतात, त्यांचा पाठ पाहायला अध्यापकाचार्य, म्हणजे विद्यालयातले त्यांचे शिक्षक, स्वतः येतात का, आणि सराव शाळा कोणत्या आहेत. मग त्यांपैकी एका सराव शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा की गेल्या वर्षीची मुले आठवतात का. त्यांनी दोन-चार जणांची नावे घेतली, अमक्या मुलीने गोष्टी छान सांगितल्या, तमक्याचा गणिताचा तास गडबडला पण पुढे जमला, असे सांगितले, तर प्रवेश तेथेच घ्या, मग ते घरापासून लांब असले तरी चालेल. आणि ती शिक्षण सेवक म्हणून रुजू होईल तेव्हा तिला सांगा की पहिल्या महिन्यातच शेजारच्या शाळेतील एखाद्या जाणत्या बाईंना किंवा गुरुजींना विनंती करून आपला एक तास पाहायला बोलवावे. नियमात तशी सक्ती नाही, पण नाही म्हणणारा शिक्षक मला तरी आजवर भेटला नाही.